देवळापुढील वांकलेलें झाड

(अमृतमहोत्सवाच्या पूर्वतयारीच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त जीं कामें हातीं घ्यावयाचीं त्यांची यादी गेल्या रविवारीं मिस्सेनंतर आपणांस वाचून दाखविण्यांत आली. घंटेच्या मनोऱ्यास रंग देणें, दफनभूमीची भिंत दुरुस्त करणें, पटांगणांत फरशी बसविणें, आणि चौथें कलम असें होतें कीं, देवळापुढील नाताळचें झाड धोक्याचें झालें असल्यामुळें तें उत्सवापूर्वीं काढून टाकावें. पहिल्या दोन कलमांविषयीं आमचें कांहींच म्हणणें नाहीं. तिसऱ्याविषयीं थोडें आहे. चौथ्याविषयीं मात्र पुष्कळ आहे, आणि तें ऐकून घेण्यासाठीं आपण आम्हांस आज ही वेळ दिली याबद्दल आम्ही समितीचे आभारी आहों.

झाडावर आरोप दोन आहेत. पहिला असा कीं, तें दक्षिणेकडे वांकलें आहे, आणि वांकलेली वस्तु आज ना उद्यां पडावयाचीच. दुसरा असा कीं, २०२१ सालच्या मे महिन्यांत तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलें तेव्हां या झाडाचा एक शेंडा मोडून लूर्द मातेच्या गुंफेच्या कुंपणावर आला. देवाच्या कृपेनें त्या वेळीं तेथें कोणी नव्हतें. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांतील एकही आम्ही नाकारीत नाहीं. परंतु आरोपीस शिक्षा सांगण्यापूर्वीं त्याचें नांवगांव विचारण्याची रीत आहे. या झाडाचें नांवगांव आपण इतक्या वर्षांत कधीं विचारलेंच नाहीं. आपण त्यास ‘नाताळचें झाड’ म्हणतों, कोणी ‘पाइन’ म्हणतात, आणि झाड काढण्याच्या खर्चाचा जो अंदाज आला त्या कागदावर तर त्यास चक्क ‘अशोक’ असें लिहिलेलें आहे. ज्या मनुष्यास झाडाचें नांव ठाऊक नाहीं त्यानें तें पडणार असें सांगावें, आणि आपण विश्वास ठेवावा, हें आम्हांस जरा घाईचें वाटलें.

आपण वसईकर वाडीवाले लोक. केळीचा पिलवा पाहून वेलची कीं राजेळी हें आपल्यांतील म्हातारीकोतारीही सांगतात. पानवेलीचें पान हातीं घेतल्याबरोबर त्याची जात ओळखणारे वृद्ध गृहस्थ या सभेंत बसले आहेत. असें असतां देवळाच्या दारांतील झाडाकडे आपण कधीं बारकाईनें पाहिलें नाहीं, कारण त्यापासून खावयास किंवा विकावयास कांहीं मिळत नाहीं. हा दोष आमचाही आहे.

आपल्याकडे ‘नाताळचें झाड’ हें नांव निदान तीन निरनिराळ्या झाडांस लागतें. आमच्या लहानपणीं गोठ्याच्या मागें जी हिरवी फांदी उभी केली जाई ती बहुधा सुरूची असे. वसईच्या समुद्रकांठीं जिला सुरूची बाग म्हणतात तेथें हीं झाडें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. सुरूचें ‘पान’ म्हणून जो हिरवा दोरा आपण समजतों तें पान नव्हे, ती बारीक डहाळी आहे. तो दोरा दोन्ही हातांत धरून हलकेच ओढावा, म्हणजे पेराशीं सुटतो. आणि प्रत्येक पेरावर दांत्यांसारखें जें बारीकसें कडें दिसतें तीं त्याचीं खरीं पानें. मुलांस हा खेळ फार आवडतो. सुरू हें पाइनच्या कुळांतलें मुळींच नाहीं, जरी दुरून तसें भासलें तरी.

युरोपांत नाताळांत घरीं आणतात तें झाड निराळें. तीं फर आणि स्प्रूस नांवाचीं थंड प्रदेशांतील झाडें. आपल्या कोंकणच्या उष्ण व दमट हवेंत तीं जगत नाहींत. घरांत झाड सजविण्याची चाल जर्मन मुलुखांतून पसरली. आपल्या कॅथलिक घरांत गोठ्याचा मान त्याहून पुष्कळ जुना आहे. संत फ्रान्सिसनें ग्रेच्चो येथें १२२३ सालीं नाताळच्या रात्रीं गव्हाणी मांडली, आणि रोमच्या संत पेत्राच्या चौकांत नाताळचें झाड प्रथम उभें राहिलें तें १९८२ सालीं, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या कारकीर्दींत. तेव्हां झाडाची परंपरा मोठी असें म्हणून आम्ही त्याचा पक्ष घेत नाहीं. आमचा पक्ष निराळ्या कारणासाठीं आहे.

आपल्या देवळापुढील झाड हें आरोकेरिया नांवाच्या कुळांतील आहे. दक्षिण अमेरिकेंत चिली देशांत आरौको नांवाचा एक प्रांत आहे, त्यावरून हें नांव पडलें. या वंशाच्या वीसएक जाती आहेत आणि त्या सर्व मूळच्या दक्षिण गोलार्धांतल्या, उत्तरेस फारतर न्यू गिनी बेटापर्यंतच्या. त्यांतील चौदा तर एकट्या न्यू कॅलेडोनिया बेटांत आहेत, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस, जेथें फ्रेंचांचा अंमल आहे. पाइनशीं यांचें नातें दूरचें. पाइनच्या सुया दोन, तीन किंवा पांच अशा जुडीनें एका आवरणांतून निघतात. आरोकेरियाचें प्रत्येक पान सुटें, सरळ डहाळीवर बसलेलें असतें. तेव्हां ‘पाइन’ हें नांव लोक सवयीनें घेतात एवढेंच. आणि आम्हीही तें कधीं चुकून घेतलें तर आपण क्षमा करावी.

बागांतून व देवळांच्या आवारांतून जें आरोकेरियाचें झाड दिसतें त्यास पुस्तकी लोक व रोपें विकणारे सर्रास ‘नॉर्फोक बेटाचें पाइन’ म्हणतात. येथेंच घोटाळा आहे. उष्ण प्रदेशांत ज्यास हें नांव देतात त्यांपैकीं पुष्कळ झाडें नॉर्फोक बेटाचीं नसून न्यू कॅलेडोनियाचीं आहेत. दोन्ही सख्खीं भावंडें, लहानपणीं इतकीं सारखीं कीं कुंडींतील दोन हातांचें रोप पाहून त्यांची निवड करणें जाणत्यासही कठीण. आपलें झाड हें यांपैकीं दुसरें, म्हणजे आरोकेरिया कॉलम्नॅरिस. खांबासारखें असा त्या शब्दाचा अर्थ. कॅप्टन कुकच्या नांवावरून त्यास कुक पाइनही म्हणतात.

कुकचें नांव निघालेंच आहे तर ती गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. १७७४ सालच्या सप्टेंबर महिन्यांत कुकचें ‘रेझोल्यूशन’ गलबत न्यू कॅलेडोनियाच्या दक्षिण टोंकाशीं आलें. किनाऱ्यावर दूरवर उंच, सरळ, काळपट खांबांची रांग दिसूं लागली. गलबतावर जोहान राइनहोल्ट फोर्स्टर नांवाचे मोठे जर्मन पंडित होते. त्यांचा व त्यांच्या बाजूच्या मंडळींचा निर्वाळा पडला कीं, हे काळ्या दगडाचे नैसर्गिक खांब होत. कुकचें मत पडलें कीं हीं झाडें आहेत. वाद कित्येक दिवस चालला, कारण मध्यें खडक व उथळ समुद्र असल्यामुळें जवळ जातां येईना. शेवटीं एका लहानशा बेटावर उतरले, आणि खांबांस पानें निघालीं! गलबताच्या सुतारांनीं डोलकाठीच्या कामासाठीं त्यांतलीं कांहीं पाडलींही. त्याच टापूंतील एका मोठ्या बेटाचें नांव ‘पाइनचें बेट’ असें आजतागायत आहे. पंडित चुकले आणि खलाशी बरोबर ठरला, यांत पंडितांची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. फोर्स्टर यांनींच पुढें या झाडास शास्त्रीय नांव दिलें, फक्त तें सुरूच्या नव्हे, सायप्रसच्या वंशांत घालून. पुढें दुसऱ्यांनीं तें सुधारलें.

त्याच प्रवासांत पुढील महिन्यांत कुकला नॉर्फोक बेट सांपडलें. तेथेंही उंच झाडें दाट उभीं होतीं. कुकनें तेथील पानें पाहून नोंद केली कीं, हें झाड न्यू कॅलेडोनियाच्या झाडासारखें दिसतें खरें, पण पाल्यांत कांहीं फरक आहे. अवघ्या महिन्याभरांत त्यानें जो भेद जाणला तो अडीचशें वर्षांनंतरही रोपांच्या दुकानांत जाणला जात नाहीं. नॉर्फोकच्या झाडांच्या डोलकाठ्या होतील या आशेनें, आणि इतर कारणांनीं, इंग्रजांनीं १७८८ सालीं तेथें वसाहत केली. पुढें लांकूड त्या कामास कुचकामाचें ठरलें.

आतां ओळख. प्रभूनें फळावरून झाड ओळखावें असें सांगितलें तें खोट्या संदेष्ट्यांविषयीं. या झाडाच्या बाबतींत तो मार्ग लांबचा आहे, कारण आपल्या झाडाला आजवर बोंड धरलेलें आम्हीं पाहिलें नाहीं. तेव्हां अंगावरूनच ओळखावें लागतें. प्रथम दुरून पाहावें. नॉर्फोकचें झाड मोठें झालें तरी मंदिराच्या शिखरासारखें खालीं रुंद व वर निमुळतें राहतें; फांद्यांचे मजले एकमेकांपासून मोकळे, मधून आकाश दिसतें. कुकचें झाड वयांत आलें कीं खांबासारखें होतें; फांद्या आंखूड, बहुधा माणसाच्या उंचीच्या आसपास, आणि खालपासून वरपर्यंत जवळजवळ सारख्या लांबीच्या. मग जवळ जाऊन खालीं पडलेली एक जून डहाळी उचलावी. कुकच्या डहाळीवर पानें खवल्यांसारखीं एकावर एक आंत वळून इतकीं दाट बसतात कीं, ती वळलेल्या दोरीसारखी किंवा बारीक चाबकासारखी लागते. मग साल पाहावी. कुकची साल पातळ कागदासारख्या पापुद्र्यांनीं सुटते. नॉर्फोकची बारीक खवल्यांनीं. शेवटीं खोड पाहावें. नॉर्फोकचें खोड ओळंब्यांत सरळ. कुकचें पुष्कळदां कललेलें, किंवा बुडाशीं बांक घेऊन वर गेलेलें. हीं चारही लक्षणें आम्हीं गेल्या महिन्यांत आपल्या झाडाशीं ताडून पाहिलीं. चारही कुकचीं आहेत.

नांव कळलें म्हणजे स्वभाव कळण्यास वाट होते. त्याच्या वाढीविषयीं आम्ही थोडें विस्तारानें बोलणार आहों, कारण दुसऱ्या आरोपाचा, म्हणजे मोडलेल्या शेंड्याचा, सारा उलगडा तेथें आहे.

या झाडास मधोमध एकच शेंडा असतो आणि तोच सरळ वर चढतो. थोडें चढून तो थांबल्यासारखा होतो व आपल्याभोंवतीं फांद्यांचें एक कडें टाकतो, नंतर पुन्हां चढतो, पुन्हां कडें टाकतो. कड्यांतील फांद्या आडव्या पसरतात, आणि त्यांच्या दोन्ही अंगांस उपडहाळ्या मोराच्या पिसाप्रमाणें एका पातळींत लागतात. (कडीं मोजून वय सांगण्याचा पुष्कळांस मोह होतो, तो हिशोब खात्रीचा नाहीं, पाणी, ऊन व माती यांप्रमाणें झाड कधीं लवकर तर कधीं उशिरां कडें टाकतें.) येथपर्यंत सर्व डोळ्यांस दिसतें. न दिसणारी गोष्ट ही कीं, या झाडांत शेंड्याचा धर्म व फांदीचा धर्म हे जन्मतःच वेगळे असतात आणि फांदी कधीं शेंडा होत नाहीं. फोख्टिंग नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें १९०४ सालीं नॉर्फोक जातीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. शेंड्याचें कलम लावलें तर त्यापासून सरळ झाड होतें. बाजूच्या फांदीचें कलम मूळ धरतें, वर्षानुवर्षें जगतें, पण तें जन्मभर आडवेंच वाढतें, जमिनीवर सरपटल्यासारखें; त्यास खोड असें कधीं येत नाहीं. आणि उपडहाळीचें कलम तर नुसती एक दोरी होऊन लांबत राहतें. आंबा किंवा चिकू यांच्या कलमाची ज्यास संवय आहे त्यास हें खरें वाटणार नाहीं.

मग शेंडाच कापला तर? नारळाचा कोंब काढला कीं माड मेला, हें आपणांस सांगावयास नको. हें झाड माडाप्रमाणें मरत नाहीं. खोडावर, जुन्या पानांच्या बेचक्यांत, शेंड्याच्या धर्माचे कांहीं डोळे निजलेले असतात. वरचा धनी गेला कीं ते जागे होतात. पण जागा होणारा एकच असेल असें नाहीं; दोन, तीन, कधीं अधिक कोंब एकदम वर धांव घेतात आणि एका खोडास दोन-तीन डोकीं होतात. प्रत्येकाचा सांधा खोडाच्या कुशींत चिकटवल्यासारखा, मूळ गाभ्याशीं एकजीव नसलेला असतो.

आतां आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. ज्येष्ठ मंडळींस आठवत असेल, सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींच्या एका नाताळांत आपल्या गोठ्याशेजारीं दहा फूट उंचीचें अतिशय डौलदार झाड उभें होतें, आणि सर्वांनीं त्याचें कौतुक केलें. तें झाड कोठून आणलें हें त्या वेळीं कोणी विचारलें नाहीं. या झाडाच्या फांद्या शिडीच्या पावक्यांसारख्या; तीन तरुण कमरेस दोर बांधून पहांटे वर चढले, आणि सुमारें चाळीस फुटांवरून त्याचा शेंडा करवतीनें उतरविला. त्या तिघांत आम्ही एक होतों. करवत आमच्या घरची होती. फांदी कापली काय नि शेंडा कापला काय, पुन्हां फुटेल, अशी आमची समजूत. फुटलेंही. दोन वर्षांत दोन शेंडे वर निघाले आणि आम्हीं मनाशीं म्हटलें, पाहा, एकाचे दोन झाले.

२०२१ सालीं मोडला तो त्या दोहोंतला एक. दुसऱ्या दिवशीं आम्ही जाऊन पाहिलें. मोडलेल्या जागीं जुन्या करवतीचा सपाट डाग स्पष्ट दिसत होता आणि कुजट पाणी आंत शिरून काळें झालें होतें. मूळ खोडास, मुळांस, किंवा त्या बांकास कोठेंही तडा नव्हता. म्हणून वादळाचा जो गुन्हा झाडाच्या नांवावर मांडला आहे तो, आमची विनंती आहे, आमच्या नांवावर मांडावा. हें बोलण्यास पांच वर्षें धीर झाला नाहीं. यादींत चौथें कलम आलें नसतें तर कदाचित् आणखीही झाला नसता.

खालीं पडणाऱ्या वाळक्या डहाळ्यांविषयींही एक शब्द. पटांगण झाडणाऱ्या भगिनी म्हणतात कीं झाड सुकत चाललें, रोज टोपलीभर कचरा. तें सुकणें नव्हे. या झाडाचीं पानें एकेक गळत नाहींत. काम संपलेली सबंध डहाळी पानांसकट गळते. पुढें सबंध फांदीही गळते, आणि खोडाच्या त्याच ठिकाणाहून आंखूड नव्या फांद्या फुटतात. मोठ्या कुक पाइनला जो खांबाचा आकार येतो तो यामुळेंच. आपल्या झाडाचा खालचा भाग तुम्हीं पाहिलात तर या नव्या फांद्यांची झुलपें तेथें दिसतील. मरणारें झाड अशीं झुलपें काढीत नाहीं. झाडण्याचा त्रास खरा आहे, तो आम्ही कमी करूं शकत नाहीं.

राहिला तो बांक. त्याविषयीं गांवांत दोन मतें आहेत. एक मत असें कीं, समुद्राच्या वाऱ्यानें झाड ढकललें गेलें. पण आपल्याकडे पावसाळ्याचा जोराचा वारा नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येतो. त्यानें ढकललें असतें तर झाड पूर्वेकडे किंवा ईशान्येकडे कललें असतें, दक्षिणेकडे नव्हे. दुसरें मत आमच्या वाडींतील एका वृद्ध मावशींचें: झाड मातेच्या गुंफेकडे वांकून नमस्कार करीत आहे. या मताची आम्ही थट्टा करीत नाहीं. त्या मावशी रोज संध्याकाळीं त्या झाडाखालीं जपमाळ करतात आणि आमच्यापेक्षां त्यांनीं त्याकडे अधिक वेळ पाहिलें आहे. दिशा त्यांनीं बरोबर सांगितली.

कारण असें कीं, कुक पाइन जगांत जेथें जेथें लावलें गेलें तेथें तेथें तें विषुववृत्ताकडे कलतें. अमेरिकेंतील कांहीं वनस्पतिशास्त्रज्ञांनीं पांच खंडांतील अठरा प्रदेशांत २५६ झाडें मोजलीं आणि २०१७ सालीं तो वृत्तांत प्रसिद्ध केला. उत्तर गोलार्धांतील झाडें दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धांतील उत्तरेकडे. सरासरी कल साडेआठ अंशांचा. आणि विषुववृत्तापासून जितकें दूर जावें तितका कल अधिक. दक्षिण ऑस्ट्रेलियांतील एक झाड तर चाळीस अंशांपर्यंत झुकलेलें आढळलें, आणि तें उभें होतें. असें कां होतें याचा निर्णय शास्त्रज्ञांत अजून लागलेला नाहीं. इतर झाडें उजेडाकडे कलतात तीं सांवलीमुळें, आजूबाजूच्या अडचणीमुळें. हें मात्र मोकळ्या मैदानांतही आपली दिशा सोडीत नाहीं.

हें वाचल्यावर आम्हीं गवंड्याचा ओळंबा आणला. जमिनीपासून सहा फुटांवर खोडाच्या दक्षिण अंगास दोर धरला. बुडाशीं दहा इंचांचें अंतर पडलें. त्याचा कल जवळजवळ आठ अंश होतो. नंतर सहा फुटी बांबूची व झाडाची सांवली मोजून उंची काढली, ती सुमारें चौऱ्याऐंशी फूट भरली, कल्यामुळें फूट-दोन फुटांचा फरक असेल. आपण साधारण एकोणीस अंश उत्तरेस आहों. म्हणजे आपल्या झाडाचा बांक हा रोग नव्हे, पडण्याची सुरुवात नव्हे. तो त्याच्या जातीचा स्वभाव आहे, आणि प्रमाणांत आहे. कलत्या झाडाच्या खालच्या अंगास या वर्गाचीं झाडें जाड, घट्ट लांकूड भरीत जातात. तें जणूं आंतून दिलेलें टेकू होय. हें ज्या बेटांतून आलें तेथेंही दरवर्षीं वादळांचा ऋतु असतो.

याचा अर्थ असा नव्हे कीं वांकलेलें कोणतेंही झाड निर्धोक. उद्यां कोणाच्या वाडींतला जुना आंबा एकाएकीं कलला तर त्यानें आमचें भाषण आठवूं नये. त्यानें ताबडतोब जाणत्या माणसास बोलवावें. भीति बांकाची नसते, बांक वाढण्याची असते. कलाच्या उलट बाजूस, आपल्या झाडाच्या बाबतींत उत्तरेस, जमीन फुगली, भेगा पडल्या, मुळें उचललीं, बुडाशीं अळंबीं उगवलीं, तर धोका. आज यांतलें कांहीं नाहीं.

आणि म्हणूनच तिसऱ्या कलमाविषयीं आमचें थोडें म्हणणें आहे. फरशीसाठीं पटांगण दीड फूट खणून मुरूम भरण्याची योजना आहे, आणि खणण्याची रेघ झाडाच्या उत्तर बाजूनें, बुडापासून अवघ्या चार फुटांवरून जाते. दक्षिणेकडे कललेल्या झाडास मागून धरून ठेवणारीं मुळें उत्तरेसच असतात. झाड न तोडतां फरशी मात्र त्या रेघेवर घातली, तर ज्या गोष्टीस आपण आज भितों ती दोन-चार पावसाळ्यांत आपणच घडवून आणूं. तेव्हां समितीनें कृपा करून फरशी झाडापासून निदान पंधरा फूट दूर थांबवावी आणि मधल्या जागेंत माती उघडी ठेवावी. खर्चही तितका कमी होईल.

कायद्याचीही एक बाजू आहे. आपलें गांव महापालिकेच्या हद्दींत आहे, आणि १९७५ च्या महाराष्ट्राच्या झाडांच्या संरक्षण व जतनाच्या अधिनियमाप्रमाणें वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवांचून झाड तोडतां येत नाहीं. २०२१ सालच्या दुरुस्तीनें पन्नास वर्षांवरील झाडास वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. आपलें झाड देवळाच्या पायाभरणीनंतर दोन-तीन वर्षांत लावलें गेलें असें ज्येष्ठ मंडळी सांगतात. ही अडचण आम्ही शेवटीं सांगितली, कारण केवळ परवानगी मिळत नाहीं म्हणून झाड राहावें यांत आम्हांस समाधान नाहीं.

आमची सूचना अशी. चौथें कलम काढून त्या जागीं हें घालावें: मोडलेल्या शेंड्याचा कुजका ठूंठ जाणत्या माणसाकडून साफ करून घेणें, आणि दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं व नंतर ओळंबा लावून कल मोजून त्याची नोंद धर्मग्रामाच्या वहींत ठेवणें. राहिलेल्या शेंड्यास कोणी हात लावूं नये. नाताळांत दिवे लावावयाचे तर खालच्या फांद्यांवर, तारेनें न आंवळतां, सुतळीनें बांधावे.

महोत्सवाची आठवण म्हणून नवीन रोप लावावें अशी तरुण मंडळींची इच्छा आहे. तें कुंडींतलें ‘नॉर्फोक’ असेल तर तें मोठेपणीं कुक निघेल हें गृहीत धरूनच जागा निवडावी: विजेच्या तारांपासून व छपरांपासून दूर, आणि दक्षिणेस मोकळें सोडून. रोप घेतांना शेंडा शाबूत आहे कीं नाहीं तें बोटानें चांचपून पाहावें. पुष्कळदां एका कुंडींत तीन-चार रोपें भरघोस दिसावीं म्हणून एकत्र लावलेलीं असतात. त्यांतलें एकच ठेवावें.

येत्या शनिवारीं संध्याकाळच्या मिस्सेनंतर आम्ही झाडाखालीं ओळंबा व फूटपट्टी घेऊन थांबणार आहों. समितीच्या सभासदांनीं स्वतः मोजून पाहावें, आमच्या आंकड्यावर विसंबूं नये. मुलांसही पाठवावें. मावशींस आम्हीं आगाऊ सांगून ठेवलें आहे, त्या जपमाळ थोडी लवकर उरकणार आहेत. वहीच्या पहिल्या पानावर आम्हीं आजची नोंद लिहून आणली आहे: सहा फुटांस दहा इंच, दक्षिणेकडे.